शिट्टीऐवजी झेंडी

साठ सालच्या हिवाळ्यात आमची बटालियन पांढरकवड्याजवळ, हैद्राबाद रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून होती. महिनाभर ट्रेनिंग, मग पुढे कूच, असा हुकूम. मी हवालदार. घर नेरचं, वडील कचेरीत कारकून. पहाटे पीटी, दुपारी फायरिंग, शनिवारी रग्बी.

रग्बी ही आमच्या सेकंड-इन-कमांड मेजरसाहेबांची हौस. विलायतेत कोर्स करून आलेले. तिकडे खेळाच्या नियमांवर प्रयोग चालतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि आपणही करावेत असं त्यांना वाटू लागलं. हाताखाली हुकमाची माणसं असली की असं वाटायला वेळ लागत नाही.

पहिला प्रयोग गुणांचा. रग्बीत स्क्रम असतो. दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण खांदे अडकवून, माना खाली घालून एकमेकांना रेटतात आणि मधला चेंडू पायाने मागे ओढतात. साहेबांनी ठरवलं, समोरच्यांना पाच पावलं मागे रेटलं की एक गुण जास्तीचा. दुसरा प्रयोग पंचगिरीचा. पंच अर्थात साहेबच. शिट्टी बंद, लाल झेंडी सुरू. लढाईच्या गोंगाटात शिट्टी ऐकू येत नाही, जवानाची नजर तयार झाली पाहिजे, हे त्यामागचं तत्त्वज्ञान. शिवाय झेंडी वर असताना जो आवाज काढेल, त्याच्या टीमवर पेनल्टी.

मी म्हणालो, "सर, स्क्रममध्ये सगळ्यांच्या माना खाली असतात."

"डिसिप्लिन असेल तर दिसेल, हवालदार."

असल्या शहाणपणाला 'यस सर' एवढाच जबाब असतो. तो मी दिला.

आमच्या कंपनीचा हूकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या ओळीतला मधला गडी, लान्स नाईक गोमा राठोड होता. हूकरचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर अडकलेले असतात. पडला तर टेकायला हात नाही. गोमाचा तांडा तिथून कोसभर. नव्या नियमांच्या पहिल्याच शनिवारी त्याचा बाप हिरासिंग नवी पगडी बांधून मॅच बघायला आला होता. गोमा मला म्हणाला, "बापू पाहून राह्यले, साब. आज हरायचं नाई."

मॅच बरोबरीत आली आणि समोरच्या कंपनीने त्या जास्तीच्या गुणासाठी जीव खाऊन रेटायला सुरुवात केली. आमची पहिली ओळ कोसळली. गोमाचं डोकं काळ्या जमिनीत रुतलं. पुढून ते रेटत होते, मागून आमचे. मेजरसाहेबांनी झेंडी लगेच वर केली, हे खरं. मी फुलबॅकला, सगळ्यांच्या मागे उभा होतो. मला ती दिसली. तांड्यावरच्या लोकांना दिसली. रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही दिसली असेल. ज्यांना दिसायला हवी होती त्यांचे डोळे मातीकडे होते.

मी 'थांबा, थांबा' ओरडत धावलो आणि दोघांना कमरेला धरून मागे ओढलं. तेव्हा कुठे रेटारेटी थांबली.

साहेब म्हणाले, "पेनल्टी. शाउटिंग."

गोमा उताणा पडला होता. शुद्धीवर होता. मला म्हणाला, "माहे पाय कुठी हायेत, साब?"

गाडीतून त्याला नागपूरकडे नेलं. हिंगणघाट यायच्या आत तो गेला.

दुसऱ्या दिवशी मेजरसाहेब तांड्यावर गेले. मी दुभाष्या म्हणून सोबत. अपघात, अतीव दुःख, जवानाची शिस्त, असं बरंच काही ते इंग्रजीत बोलले आणि मी ते मराठीत सांगितलं. सांगताना माझीच मला लाज वाटत होती. हिरासिंगने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झेंडी फेकून तोंडानं थांबा काहून नाई म्हनलं?"

काय म्हणतो, असं साहेबांनी विचारलं. मी शब्द न् शब्द सांगितला. ते टोपी घालून जीपमध्ये जाऊन बसले.

पुढच्या शनिवारी पुन्हा मॅच झाली. साहेबांच्या गळ्यात शिट्टी होती. गोमाच्या जागी हूकर म्हणून मला उभं केलं. पहिल्याच स्क्रमला ओळ वाकली आणि शिट्टी वाजली. सोळाच्या सोळा जण जागच्या जागी थांबले. माझी मान शाबूत राहिली. त्या क्षणी मला रडू आलं, आणि मान खाली होती म्हणून ते कुणाला दिसलं नाही.

बटालियनच्या स्मारकावर पुढच्या लढायांत पडलेल्यांची नावं आहेत. त्यांतले काही माझ्या ताटात जेवलेले. त्या दगडापुढे मी आजही सॅल्यूट करतो. गोमा राठोडचं नाव तिथे नाही. खेळात मेलेल्याचं कोरत नाहीत, असं मला सांगण्यात आलं. शत्रूने मारला असता तर कोरलं असतं.