धोंडीला दिलेला बेडूक

बाभुळगावात अब्दुल गनीचाचांचं काच कापायचं दुकान. गावातल्या देवाच्या तसबिरींना, लग्नाच्या फोटोंना त्यांचीच काच. पण सगळ्यांत जपून कापलेल्या काचा त्यांच्या घरातच राहिल्या. लेक निलोफरनं नागपूरहून दोन इवले बेडूक आणले होते, जन्मभर पाण्यातच राहणारे. त्यांच्यासाठी त्या काचांची टाकी.

लग्न होऊन वणीला निघाली, तर गाडीत बसूनही मेंदीचा हात नाचवत बजावत होती, "अब्बा, नल का पानी एकदम मत डालना. बकेट में रखना, ब्लिचिंग का वास गया के डालना. और इनको बाहर मत निकालना, मर जाते."

"और तू कब आएगी, वो नहीं बता रही," चाचा म्हणाले.

तेव्हापासून चाचा बादलीत वाकून पाण्याचा वास घेत. चिमट्यानं खिम्याचा कण पाण्यात धरत. बेडूक वर येई, श्वास घेई, खाली जाई. बायकोच्या माघारी त्या घरात तेवढीच हालचाल.

त्या वर्षी कपाशी दोनदा पेरली, दोनदा करपली. शेजारची मैनाबाई मुसळ घेऊन दारात उभी राहिली. मागे गल्लीतल्या बायका. धोंडी काढायची होती. मुसळाला बेडूक बांधून दारोदार फिरवायचा, घराघरानं त्यावर पाणी ओतायचं, की पाऊस येतो. पण विहिरी आटलेल्या, बेडूक सापडेना.

"गनीभाऊ, तुमच्यापाशी दोन हायेत म्हंतेत."

"वहिनी, हे बाहेर जगत नाहीत."

"आमचं तरी काय जगून राह्यलं?"

"मातीचा बनवून देतो."

"मातीचा नेला तं वरतून मातीच पडन." ती हसली, पण उंबऱ्यावरून हलली नाही.

दारोदार पाणीच तर पडणार, ओला राहील, असं चाचांनी मनाला समजावलं. एक बेडूक ओल्या फडक्यात बांधून दिला आणि स्वतःही मागोमाग निघाले.

पहिल्याच दारी म्हातारीनं लोटा ओतला आणि चाचांच्या नाकात तो वास शिरला. सकाळीच टँकर येऊन गेला होता. ब्लिचिंग ताजं होतं.

"मावशी, जरा कमी."

"कमी कायले? आज हात आखडू का?"

तिच्या पिण्याचं पाणी होतं ते. थांब कसं म्हणायचं? पुढच्या दारी कळशी, त्याच्या पुढे हंडा. फडकं आधी हलत होतं. मग हललं नाही.

फोनवर निलोफरनं विचारलं, "दोनों खाते ना, अब्बा?"

"खाता है," चाचा म्हणाले.

पाऊस आला नाही. मैनाबाई पुन्हा आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"थो गेला, मले मालूम हाये. माह्याच हातानं गेला." मग खाली बघत म्हणाली, "दुसरा हाये ना, भाऊ?"

चाचांचा हात टाकीच्या झाकणावर गेला.

"असं करू, वहिनी. मी पाणी भरून ठेवतो. वास उडाला का सगळ्यायले त्यातलाच एकेक लोटा देऊ. तेच वता म्हना."

"दुसऱ्याच्या घरचं चालत नाही, भाऊ. ज्याचं त्यानंच टाका लागते."

बेडूक वर आला, श्वास घेऊन खाली गेला. चाचांनी फडकं घेतलं आणि बादलीतल्या पाण्यात भिजत घातलं.