सीडी घालायची कुठे?

जुना लॅपटॉप बंद पडला म्हणून आज नगरहून नवा आणला. आमच्या ह्यांनी गायलेल्या भजनांची एकच सीडी आहे. नातीने आजोबांना पाहिलेलं नाही, तिला निदान आवाज ऐकवायचा होता. लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवला, तर सीडी घालायला जागाच नाही!

दुकानदाराला फोन केला.

"काकू, सीडी आता कोण वापरतं? लॅपटॉप हलके झालेत."

"मी वापरते. हलके करा म्हणून मी सांगायला आले होते?"

"वेगळा ड्राइव्ह घ्या. त्याची पिन यात बसायची नाही, तिला कनेक्टर घ्या."

म्हणजे लॅपटॉप हलका आणि पिशवी जड?

आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात, पण आत जायला वाट तरी असते. कंपनीने तीच बुजवली.

नात विचारतेय, "आजी, आजोबा कधी गाणार?" तुम्हीच सांगा, काय सांगू तिला?