खालाचं विधेयक कुठवर आलं

कुणी पेपर हलवत, "कायदा झाला, कायदा झाला" करत ऑफिसात शिरलं की मुनशीजी आधी चष्मा पुसायचे. मग टेबलावरचा लाकडी रूळ उचलून बातमीच्या बरोबर खाली ठेवायचे, ओळ शेवटपर्यंत वाचायचे आणि समोरच्याचा चेहरा उतरेल इतक्या शांतपणे म्हणायचे, "मांडलंय. मंजूर नाय."

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. पंगतीत जिलबी वाढताना साखरेच्या आजाराची चौकशी करणारा. आमचे मुनशीजी हेच काम राज्य पातळीवर करत.

औरंगाबादला कोर्टाजवळच्या एका वकीलसाहेबांकडे मी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा ते तिथे बऱ्याच वर्षांपासून होते. शिक्षण निजामाच्या काळातलं, सगळं उर्दूतून. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांची भाषा बदलली, मिसलीची फाइल झाली, दरखास्तीचा अर्ज झाला. मुनशीजी नवे शब्द शिकले, पण लिहिताना हात उजवीकडून डावीकडेच जायचा. त्यांचं अक्षर ऑफिसात कुणालाच लागत नसे, आणि त्यांना त्याची काही खंतही नव्हती.

पगार त्यांना कोर्टाच्या तारखा सांभाळण्याचा मिळे. जीव मात्र एका जाड रजिस्टरात होता. विधानसभेत मांडल्या गेलेल्या प्रत्येक विधेयकाला त्यात एक पान. कुणी मांडलं, कधी मांडलं, समितीकडे गेलं का, समितीतून परत आलं का, खालच्या सभागृहातून वरच्या सभागृहात पोचलं का, राज्यपालांची सही झाली का. राजपत्र टपालाने यायचं. कामकाजाचे कागद मुंबईचा कुणी ओळखीचा कारकून पाठवायचा. सरकारला आपलीच विधेयकं सापडेनाशी झाली असती तर आमच्या ऑफिसात माणूस पाठवून ती मिळाली असती. सरकारने तसा माणूस कधी पाठवला नाही.

एकदा लासूर स्टेशनचे एक अडत्ये पेढ्यांचा पुडा घेऊन आले. बाजार समितीच्या कायद्यातली दुरुस्ती म्हणे पास झाली. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. मुनशीजींनी आपला पेढा कागदात बांधून ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाले, "गव्हर्नरसाहेबांची सही झाली की खातो." पुढे निवडणुका लागल्या, विधानसभा विसर्जित झाली आणि वरच्या सभागृहात अडकलेली ती दुरुस्ती वाटेतच गेली. पेढा तोवर मुंग्यांनी एकमताने मंजूर केला होता.

घरीही तोच कारभार. त्यांच्या पुतणीला पाहुणे पाहून गेले. वकीलसाहेबांनी विचारलं, "काय मुनशीजी, जमलं म्हणे?" तर म्हणाले, "पहिलं वाचन झालं. अजून कलमवार चर्चा बाकी हाय."

एकदा एक आमदार वकीलसाहेबांकडे चहाला आले होते. मुनशीजी उठून अदबीने उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, गेल्या अधिवेशनात तुम्ही त्या विहिरींच्या बिलाला हात वर केला. चौथं कलम कळलं नाय मला. जरा सांगता का?"

आमदारांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. "कोणतं बिल हो?"

"तुम्ही बाजूनं होतात," मुनशीजींनी धीर दिला.

आमदारसाहेबांना त्यानंतर फार घाईचं काम आठवलं. जाताना ते चहा अर्धा टाकून गेले.

आता खालाकडे येते, कारण हे सगळं मी तिच्यासाठीच लिहायला घेतलं आहे.

खाला म्हणजे मावशी, सगळे तिला तेच म्हणत. ती दर सोमवारी यायची. काळा बुरखा, हातात कापडी पिशवी. दारातल्या बाकावर न बसता ती थेट मुनशीजींच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसायची. जवळच्याच गल्लीत तिच्या दोन खोल्या होत्या. खोल्या तिच्या, पण खालची जमीन जुन्या इनामाची. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून कुणा इनामदाराचं नाव होतं. त्या गृहस्थाला गल्लीत कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. खालाची विधवा मुलगी तिच्याजवळ राहायची. आपण गेल्यावर कुणी कागद दाखवून मुलीला घराबाहेर काढेल, एवढी एकच भीती खालाला होती. उताऱ्यावर नाव लागलं की ती मरायला मोकळी, असं ती स्वतःच सांगायची.

त्यासाठी एका आमदाराने विधेयक मांडलं होतं. अशा जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या नावे जमीन करून द्यावी, असं. सरकारी विधेयक नव्हतं, सदस्याचं खाजगी होतं. अशा विधेयकांना फक्त शुक्रवारी वेळ मिळतो, तोही दुपारनंतर, सन्माननीय सदस्य गावाकडची गाडी पकडण्याच्या बेतात असताना.

"कहाँ तक आया हमारा कानून, मुनशीजी?"

"मांडलंय आपा. मंजूर नाय. चर्चेला यायचंय."

बाकीच्यांना ते हे वाक्य तोंडावर फेकत. खालाला सांगताना रजिस्टर उघडून ओळ दाखवत. तिला काय कळणार, असं आम्हाला वाटे. अर्जावर ती अंगठा लावायची. शाईचं पॅड मीच पुढे करायचे आणि बोट पुसायला जुना कागदही द्यायचे.

एका हिवाळी अधिवेशनात विधेयक खरोखर चर्चेला आलं. मुनशीजींनी ऑफिसात रेडिओ आणला. रेडिओने नागपूरची थंडी सांगितली, संत्र्यांचा भाव सांगितला, खालाच्या घराबद्दल अक्षर काढलं नाही. आठ-दहा दिवसांनी कामकाजाचे कागद टपालाने आले. मुनशीजींचा रूळ ओळीओळीने खाली सरकत होता, तो एका ठिकाणी थांबला. त्यांनी रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि भर थंडीत दोन पेले पाणी प्यायले.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"विचाराधीन हाय," ते म्हणाले.

सोमवारी खालालाही तेच. "ज़ेरे-ग़ौर है, आपा. वक़्त लगता है."

तिने मान डोलावली. मुनशीजींनी तिच्यासाठी चहा सांगितला. चहा सांगणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

असे किती सोमवार गेले ते मी मोजले नाहीत. मध्ये पुन्हा निवडणुका झाल्या. विधानसभा विसर्जित झाली की प्रलंबित विधेयकं रद्द होतात, हा नियम मला मुनशीजींनीच शिकवला होता. मी हुशारी दाखवत म्हटलं, "मग खालाचं विधेयकसुद्धा गेलं की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पेढेवाल्या अडत्यांकडेही कधी पाहिलं नव्हतं. "टायपिस्टबाई, तुमचं टायपिंग पडलंय."

तेव्हा मला शंका आली. मी मशीनकडे वळून टायपिंगला लागले. गल्लीपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांच्या आनंदावर रूळ ठेवणारा माणूस एका म्हाताऱ्या बाईशी खोटं बोलत होता, आणि मला त्याचा राग येत नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात मुनशीजी गेले. शनिवारी तारखा लिहून घरी गेले, रविवारी दुपारी छातीत कळ आली. वकीलसाहेब हळहळले, दोन दिवस ऑफिस बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ते रजिस्टर रद्दीत घाला. वाचणार कोण?" मी ते माझ्या खणात ठेवलं.

पुढच्या सोमवारी खाला आली आणि त्याच स्टुलावर बसली. मुनशीजींची खुर्ची रिकामी होती. ती खुर्चीकडेच पाहत होती. आता हिला काय सांगायचं? मी म्हटलं, "खाला, रजिस्टर उर्दूत आहे. कुणाकडून तरी वाचून घेते, मग सांगते."

तिने हात पुढे केला. "ला इधर."

पिशवीतून तिने दोऱ्याने बांधलेला चष्मा काढला. पानं भराभर उलटली, एक पान उघडलं आणि टेबलावरचा रूळ उचलून ओळीखाली ठेवला. थेट त्यांच्यासारखा.

"'वज़ीर साहब बोले, हुकूमत ख़ुद बड़ा कानून लाने वाली है. मेंबर साहब ने बिल वापस लिया.'" तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वो जाड़े की तारीख़ है."

"तुम्हाला वाचता येतं?"

"हौ. चौथी तक मदरसे कू गई मैं."

"मग अंगठा?"

"सिटी सर्वे में दस्तख़त करी थी, उर्दू में. साहब बोले, ये क्या मुर्गी के पाँव हैं, अँगूठा लगाओ. लगा दी. फिर सब जगा वहीच लगाती रही."

मला माझ्या शाईच्या पॅडची लाज वाटली. इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"उसी सोमवार कू. उनों किताब खोल के बैठे थे ना. घर में चार बहनां, किताब एक. मैं सामने बैठ के उल्टाच पढ़ना सीखी." तिने चष्मा नाकावर सारखा केला. "सारे शहर कू बुरी ख़बर सुनाते थे बेचारे. मेरे कू एक अच्छी सुनाते थे. मैं पूछना बंद करती तो समझ जाते ना, कि मेरे कू मालूम है."

 खालाने पान उलटलं, आणि आता तिचाच रूळ थांबला. हे पान तिनेही पाहिलेलं नव्हतं. मुनशीजी नेहमी त्याच्यावर हात ठेवून बसत.

ती हळूहळू वाचू लागली. तारीख, एका आमदाराचं नाव, "ख़त भेजा. जवाब नहीं." पुन्हा तारीख, दुसरं नाव, "ख़त भेजा. जवाब नहीं." गंगापूरकडचे, वैजापूरकडचे, विदर्भातले, कोकणातले. ज्यांनी आयुष्यात औरंगाबाद पाहिलं नसेल अशांनाही लिहिलं होतं, हे विधेयक पुन्हा मांडा म्हणून. दर अधिवेशनाआधी. पान भरलं होतं, मागची बाजूही भरली होती. शेवटची नोंद ते गेले त्याच आठवड्यातली होती. तिच्यापुढे "जवाब नहीं" लिहायचं राहिलं होतं.

खालाने चष्मा काढला आणि पदराने नाही, बुरख्याच्या टोकाने डोळे पुसले. "मेरे कू बोले नहीं," ती म्हणाली. "इत्ता लिखे और बोले नहीं."

मी मशीनमध्ये कागद चढवला. मुनशीजींचा मसुदा फाइलीत सापडला, तोच पुन्हा टाइप केला. कुणाला पाठवायचं ते खालाने रजिस्टर पाहून सांगितलं. एक सदस्य तेवढे राहून गेले होते. खाली अर्जदार म्हणून तिचं नाव घातलं आणि सवयीने शाईचं पॅड पुढे केलं.

तिने ते बाजूला सारलं. म्हणाली, "क़लम दे."

सही करून पुष्कळ वर्षं झाली होती. कागदाच्या उजव्या कडेपासून तिने सुरुवात केली. सही पुरी व्हायला बराच वेळ लागला. शाई वाळेपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली आणि मग मुनशीजींच्या खुर्चीकडे पाहत मला म्हणाली, "अगले सोमवार कू आती मैं. पूछने."