आंबा आत आहे

भर दुपार होती, पण देवराईत चार पावलं आत गेल्यावर उजेड हिरवा आणि पातळ झाला. गावचा गुरव पुढे होता. एका प्रचंड झाडापाशी थांबून तो म्हणाला, "ह्यो आमचा आंबा."

झाड वडाचं होतं. पानं वडाची, पारंब्याही वडाच्या. मी तसं म्हणालो, तर तो शांतपणे म्हणाला, "आंबा आत हाय."

कधीतरी एखाद्या पाखराने आंब्याच्या फांदीवर वडाचं बी टाकलं असणार. त्याची मुळं खोडाला धरत खाली उतरली, मातीत शिरली, जाड झाली. आंबा आतल्या आत गुदमरला आणि कुजून गेला. मुळांच्या जाळीतून मी डोकावलो. आत बुंध्याएवढी पोकळी होती, वर दोन फांद्या फुटाव्यात तशी दुभंगलेली. तिच्या अंगाला गोगलगायी चिकटल्या होत्या, वर वटवाघळं लटकली होती. एका नसलेल्या झाडात इतकी वस्ती.

गेलेल्या माणसाची जागा आपण मनात जपतो, असं मी नेहमी म्हणतो. इथे ती मारणाऱ्यानेच जपली होती.

मी जाळीतून हात आत घातला. गुरवाने लगेच मनगट धरलं.

"नका. ती जागा त्याची हाय."

त्याने नारळ वाढवला आणि एक वाटी पोकळीत ठेवली. आम्ही परतलो. बाहेर उन्हात आल्यावर बोटं चिकट लागली, म्हणून हुंगून पाहिली.

कैरीच्या चिकाचा वास होता.