तीन ट्रकांची जागल

पांढुर्ण्याला उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि माझ्या काखेत पुठ्ठ्याची एक लांब नळकांडी होती. फलाटावर संत्र्यांच्या पेट्यांना टेकून बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "नकाशा होय का, बाई? जमीन मोजाले आल्या?"

"नाही, ट्रक मोजायला."

त्यांनी मान डोलावली. माझ्या घरच्यांना हे पटायला बरीच वर्षं लागली होती.

उद्या बंदराच्या दारावर कोणत्या तासाला किती अवजड गाड्या येतील, हे आज सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. लग्नाला किती पानं उठतील याचा आचारी अंदाज बांधतो, तसंच काहीसं. घरही बंदराच्या वाटेवरच. शाळेची बस कंटेनरमागे अडकण्यात माझं बालपण गेलं, त्यामुळे ट्रक या जातीवर माझा जुना राग आहे. त्या रागातून मांडलेलं गणित बहुतेक दिवशी बरोबर येतं. अडतं ते फक्त या भागाच्या बाबतीत. पांढुर्णा आणि सौंसरकडून रुईच्या गाठी घेऊन येणारे ट्रक एकेकटे येत नाहीत. तीन-तीन एकत्र येतात आणि माझ्या अंदाजाचे बारा वाजवतात.

त्यावर उपायही मीच काढला होता. प्रत्येक गाडीला मोबाइलवर तिची स्वतंत्र वेळ कळवायची आणि तीन गाड्यांत सहा-सहा तासांचं अंतर ठेवायचं. चाचणी याच आठवड्यात सुरू होणार होती. इथले जिनिंगवाले, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे, एकदम तीन गाड्या भरून सोडत असणार, अशी माझी खात्री होती. तेवढा पुरावा घ्यायचा, अहवाल संपवायचा, पिशवीभर संत्री घ्यायची आणि घरी जायचं, असा बेत होता.

गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये पाऊल ठेवलं आणि दोन मिनिटांत माझा काळा कुर्ता रुईच्या तंतूंनी पांढरा झाला. फाटकावरच्या कारकुनाने वही पुढे सरकवली. एक गाडी सकाळी सुटलेली, दुसरी दुपारी, तिसरी दुसऱ्या दिवशी.

"आमी कायले तीन-तीन सोडू?" तो म्हणाला. "एक भरली का एक जाते."

"मग बंदरावर एकदम कशा पोचतात?"

"थे मले नाई मालूम. जामसावळीच्या फाट्यावर पाहा. तिथं उभ्या राह्यतात गाड्या."

माझी खात्री त्या वहीत तिथल्या तिथे निकालात निघाली. काळीपिवळी जीपमध्ये बसून सौंसरच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, मध्येच कापसाची वावरं (शेतं), वेचणीच्या बायकांच्या पाठीला बांधलेली पांढरी ओझी. रस्ता सुंदर आणि खड्डे प्रामाणिक होते. एका खड्ड्यात माझी स्टेशनवरच घेऊन ठेवलेली संत्र्यांची पिशवी नळकांडीवर आपटली आणि आतला आलेख रसात भिजला. जीपमधल्या बाईंनी पदराने तो पुसून दिला. पुसता पुसता निम्मी शाई त्यांच्या पदराला लागली, याबद्दल मीच त्यांची माफी मागितली.

फाट्यावर कडुनिंबाखाली खरंच दोन ट्रक उभे होते. एका चाकाच्या सावलीत स्टोव्ह पेटवून मोहगावचा गजानन चहा करत होता. मी बंदरावरून आले म्हटल्यावर त्याने कप आधी मला दिला.

"इथे का थांबलात?" मी विचारलं. आमच्या गणितात या थांब्याला आम्ही 'विनाकारण' म्हणतो, हे मी सांगितलं नाही.

"तिसरी गाडी अजून याची राह्यली. लोधीखेड्याचा देवरावभाऊ. आमी तिघं संगंच जातो."

"गप्पा मारायला?"

तो हसला. "झोपाले, मॅडम. दोन दिवस गाडी चालवून मानूस तिथं पोचते, मंग लाइन लागते. दहा पावलं सरकते, थांबते. डोळा लागला का मागचा पुढं घुसते. तिघं असले का दोघं झोपतात, एक जागते. तोच एक गाडी पुढं नेते, उतरते, दुसरी नेते, मंग तिसरी. आमी त्याले जागल म्हनतो."

जागल म्हणजे रात्री वावरात बसून केलेली पिकाची राखण. घरातली माणसं ती पाळीपाळीने करतात. ही पोरं तीच चाल घेऊन बंदराच्या रांगेत आली होती. आणि आम्ही गणित मांडताना पहिलंच वाक्य काय लिहितो? एका ट्रकला दुसऱ्या ट्रकची ओळख नसते असं धरा. खुर्चीत बसून मी इतकी वर्षं उंटावरून शेळ्या हाकत होते.

"मग देवरावभाऊ कुठे आहेत?"

गजाननचं हसू गेलं. "घरीच बसून राहिला. कालच मोबाइलवर टाइम आला. आमचा येगळा, त्याचा येगळा. तरी आमी वाट पाहून राहिलो. त्याले गुरुवारी दुपारी एकट्यालेच जा लागते. मागच्या हिवाळ्यात तो एकटाच गेला होता. लाइनीत डोळा लागला, पाय बिरेकवरून सुटला. पुढच्या गाडीचा डायवर मंधात उभा राहून रस्सी कसून राहिला होता. उडी मारली म्हनून वाचला. त्याची चप्पल बंपरखाली राह्यली."

मी कप खाली ठेवला. चाचणीचे पहिले निरोप सुटले होते, आणि त्यातला एक देवरावांकडे पोचला होता.

सौंसरला बस बदलून लोधीखेड्याला पोचले तेव्हा दुपार झाली होती. भरलेला ट्रक घरासमोरच उभा होता, वर ताडपत्री ताणून बांधलेली. देवराव अंगणात खाटेवर बसले होते. पन्नाशी ओलांडलेला, जाड चष्म्याचा, अगदी हळू बोलणारा माणूस. त्यांच्या पत्नी कौसल्याबाईंनी मी कोण हे विचारण्याआधीच ताट वाढलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. मी भुकेने अधाशासारखी जेवले, हेही खरंच सांगते.

जेवता जेवता मी नवी पद्धत समजावली. प्रत्येकाला वेळ मिळाली की गर्दी पांगेल, रांगच उरणार नाही वगैरे.

देवरावांनी शेवटपर्यंत ऐकलं. "लाइन गेली तर चांगलंच, मॅडम. पन थे जाईन तवा जाईन. मी तर या गुरुवारी पोचून राहिलो. मालकाले नाई म्हनावं तर गाडी हातची जाते. जावं, तर थे चप्पल दिसते."

कौसल्याबाई चुलीपाशी होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "हा टाइम कोन ठरवते?"

कॉम्प्युटर ठरवतो, असं सांगून सुटता आलं असतं. ऑफिसात आम्ही तेच सांगतो. पण त्यांची भाकर माझ्या हातात होती.

"मी ठरवते," मी म्हटलं. मला फार लाज वाटली.

त्या रागावल्या नाहीत. उठल्या आणि मी नको म्हणत असताना आणखी एक भाकर माझ्या ताटात टाकली. "मंग गुरुवारी तुमीच बसजा त्याईच्यापाशी जागलीवर," त्या म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

परतीच्या गाडीत मी अहवाल पुन्हा लिहिला. रांग पूर्ण संपेपर्यंत, ज्यांना एकत्र यायचं आहे त्या तीन गाड्यांना एकच वेळ द्यावी, असं त्यात घातलं. साहेबांनी वाचून मान्यही केलं. "पुढच्या महिन्यापासून," ते म्हणाले. "या आठवड्याच्या वेळा गेल्या, त्या आता फिरवता येत नाहीत." आदल्या महिन्यात हेच वाक्य मी कुणाला तरी ऐकवलं होतं.

गुरुवारी दुपारी मी रजा टाकली आणि रांगेच्या कडेने चालत ताडपत्र्या आणि नंबर बघत निघाले. घरापासून ही रांग चालत गाठता येते, हे माझ्या आजवर कधी ध्यानात आलं नव्हतं. देवराव स्टिअरिंगवर होते, डोळे लाल झाले होते. मला बघून ते गडबडले.

"तुमाले गाडी चालवता येते?"

"नाही. जागता येतं."

त्यांनी मला वर शेजारी बसवलं, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि केबिनमधल्या मागच्या फळीवर आडवे झाले. पुढची गाडी सरकली की मी त्यांच्या खांद्याला हात लावायचे. ते उठायचे, गाडी दहा पावलं न्यायचे, पुन्हा आडवे व्हायचे. गजानन असता तर त्यांना सलग झोप मिळाली असती. माझ्याकडून तुकडेच मिळत होते. या तासांना मी आलेखात एक निळी रेघ देते. त्या दिवशी पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यावरून नजर हलवायची माझी छाती झाली नाही. दोन गाड्यांच्या मध्ये कुणी उतरून रस्सी तर कसत नाही ना, हेच मी बघत राहिले.

ऊन कलायला लागलं तेव्हा त्यांचा फोन वाजला. ते उठू नयेत म्हणून मीच पटकन उचलला. पलीकडे कौसल्याबाई होत्या. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला, पण मी तिथे कशी, हे काही विचारलं नाही.

"झोपून राहिले का?"

"हो."

"मंग ठेवा फोन," त्या म्हणाल्या. "पुढं पाहा."