जेवल्यावर भिंत ठोकायची नसते

पिंप्राळ्यातलं ते जुनं घर घ्यायचं ठरत होतं ते मागच्या खोलीसाठी. खोली तळमजल्यावर, बाथरूमला लागून. धुळ्याला माझी आई दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, गुडघे कामातून गेलेले. तिला मी सांगून ठेवलं होतं, आता तू माझ्याकडे. नवरा हो म्हणाला होता. सासरेही हो म्हणाले होते. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो.

घर तीसेक वर्षांचं, म्हणून व्यवहाराआधी इंजिनिअरकडून तपासून घेऊ असा हट्ट मी धरला. त्याला रविवारी सकाळी बोलावलं. आम्ही पोचलो तर घरमालकांनी भरीत-पुरीचा बेत केलेला. अंगणात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजून झालेली, हॉलमध्ये पंगत मांडलेली. "आधी दोन घास खा, घर कुठं पळून जातंय?" घरमालक म्हणाले. आमच्याकडे थंडीत भरिताला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. इंजिनिअरसुद्धा मांडी घालून बसला आणि त्याने दोनदा वाढून घेतलं.

हात धुतल्यावर त्याने पिशवीतून हातोडी काढली. नानांनी त्याचा हात धरला. "राहू द्या हो. आत्ता ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांच्याच भिंती ठोकायच्या? बरं दिसतं का ते?" इंजिनिअर ओशाळं हसला आणि हातोडी परत पिशवीत गेली. फी घेताना मात्र ओशाळला नाही.

मी एकटीच मागच्या खोलीत गेले. भिंतीला नवा कोरा डिस्टेंपर, आणि एका बाजूला धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या छताजवळ पोचतील अशा एकावर एक रचलेल्या. "या जरा सरकवता का?" मी विचारलं. घरमालक काही बोलायच्या आत नवराच म्हणाला, "चल आता, तमाशा करू नकोस." पुढे नानांनी त्याच आठवड्यात शब्द देऊन टाकला. खान्देशात शब्द दिला की संपलं. तो कोणाच्या जिवावर दिला, हे कोणी विचारत नाही.

कोठ्या त्यांच्या मालकांबरोबर गेल्या आणि मागची भिंत दिसली. खालपासून वरपर्यंत काळी, हात लावला की गिलावा भुगा होऊन हातात येत होता. रंगवून घेतली, आईला आणलं. पावसाळ्यात छत ठिबकायला लागलं. आई रात्रभर खोकायची आणि सकाळी म्हणायची, धूळ गेली असेल घशात. एका दुपारी ती दारातल्या ओट्यावर शेंगा सोलत बसली होती, तेव्हा छताचा मोठा तुकडा तिच्या उशीवर पडला. वर गंजलेल्या सळया उघड्या पडल्या.

इंजिनिअर पुन्हा आला. या वेळी त्याने सगळीकडे ठोकून पाहिलं आणि म्हणाला, स्लॅब काढूनच टाकावा लागेल. नाना म्हणाले, "जुनं घर म्हटल्यावर एवढं चालायचंच. पुढच्या वर्षी बघू." त्यांची खोली पुढची आहे, कोरडी ठणठणीत. मी म्हटलं, "नाना, मग तोवर आई तुमच्या खोलीत झोपेल, तुम्ही मागे झोपा." जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्याशी अशी बोलले. ते पेपर वाचत राहिले. नवरा म्हणाला, मोठ्या माणसांशी असं बोलतात का? स्लॅब त्यांनी अजून काढून घेतलेला नाही, पण बोलणं माझंच वाईट.

आईने हे आतून ऐकलं. तिने पिशवी भरली. "मन्यामुये तुना घरमा भांडण नको, माय," एवढंच म्हणाली. मी तिला धुळ्याच्या बसमध्ये बसवून आले.

आता रोज संध्याकाळी मी फोन करते. कशी आहेस, विचारते. "मी आठेच बरी शे," इथेच बरी आहे असं ती म्हणते, पण जिना चढून आल्याचा दम तिला पुरतं वाक्य बोलू देत नाही. मी फोन ठेवते, स्वयंपाक करते, आणि नानांचं ताट त्यांच्यासमोर जरा जोरातच ठेवते.