गल्लीतली स्वेटरची बॅग

आमच्या गल्लीत स्वेटरची एक बॅग फिरते. सोलापुरात लोकरीचे कपडे घेऊन करायचं काय? म्हणून कुणी काश्मीरला निघालं की चार स्वेटर, माकडटोप्या आणि हातमोजे भरलेली ती बॅग त्या घरी येते. परत आल्यावर सगळं धुऊन पुढच्याला द्यायचं आणि बर्फातला फोटो गल्लीभर दाखवायचा, असा नेम.

आमच्याकडे ती यायला तीस वर्षं लागली. हे सूत रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होते. मे महिन्यात घरी आले की शर्ट पिळून वाळत टाकायचे आणि म्हणायचे, "एकदा बर्फात झोपायचं हाय मला." मुलांची दहावी, बारावी, मग लग्नं. "बर्फ कुटं पळून चाललाय?" असं मीच म्हणायचे. त्या वाक्याची आज मला लाज वाटते. यंदा डॉक्टरांनी यांची छाती तपासली. म्हणाले, "या जानेवारीत जाऊन या. यानंतर उंचावर जायचं नाव काढायचं नाही."

गुलमर्गला पोचलो, तर पिवळं गवत आणि धूळ. आमच्या मंद्रूपचा माळ बरा. वाटेतच ड्रायव्हरनं गमबूट आणि लांब कोट भाड्यानं घ्यायला लावले होते. ते सगळं चढवून, वर माकडटोपी घालून हे उन्हात उभे. बॉयलरवर यायचा तसा घाम निथळत होता.

"काढा की तो कोट," मी म्हटलं.

"थांब की. पडंल."

तीन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी माझा तोल सुटला. "आभाळाकडं काय बगताय? तुमचा मॅनेजर हाय व्हय तितं?" त्यांनी माकडटोपी आणखी खाली ओढली. मग मलाच रडू आलं.

एक घसरगाडीवाला रोज आमच्या शेजारी येऊन बसायचा, यांच्या कारखान्याच्या गोष्टी ऐकायचा. त्याची लाकडी गाडी गवतात उलटी पडलेली. पर्यटकांना बर्फावरून ओढणं हेच त्याचं पोट. निघताना त्यानं यांना विचारलं, "चाचा, आपके कारखाने में मेरे लिए कुछ होगा?"

बॉयलरच्या ज्या आगीतून हे पळून आले होते, तिच्यापुढं उभं राहायला हा माणूस जागा मागत होता. बर्फावर अंथरायला नेलेली आमची सोलापुरी चादर यांनी त्याच्या खांद्यावर टाकली आणि फोन नंबर दिला. म्हणाले, "आना. लेकिन मई में मत आना."

घरी आल्यावर, न वापरलेले हातमोजेही मी धुतले. शेजारीण बॅग न्यायला आली आणि तिनं फोटो मागितला. हे आत जाऊन झोपले.

एप्रिलमध्ये त्या घसरगाडीवाल्याचा फोन आला. काम मिळेल का, म्हणून. हे पंख्याखाली बसले होते, दोन शब्द बोलले की धाप लागायची. फोन मीच घेतला. कामाचं काय सांगावं सुचेना, म्हणून विचारलं, "बर्फ गिरा क्या?"

"गिरा था, चाची. आप लोग गए, उसके दूसरे ही दिन. चार दिन में पिघल गया."

"काय म्हनला?" यांनी विचारलं.

"यंदा पडलाच न्हाय म्हनं," मी म्हटलं.